आमच्या बांधावरचा दगड आणि तीनशे एक कलम

एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुरलेल्या माणसांच्या जागेत शिरून कुणी कबरीची नासधूस केली, दगड उखडला, विटंबना केली, तर ही शिक्षा आहे. आधी हे कलम दोनशे सत्त्याण्णव होतं, आता नव्या न्याय संहितेत तीनशे एक झालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे कसं ठाऊक, असं तुम्ही म्हणाल. अहो, मागच्या उन्हाळ्यात पाच दिवस मी दुसरं काही बोललेच नाही. भाकरी थापताना कलम, भांडी घासताना कलम. आता आमच्या बाजूला प्लॉट बघायला मोठमोठ्या गाड्या येतात, त्यातला कुणी डोंगराकडे बोट करून म्हणाला, की वरचे दगड काढून सपाट करून घेऊ, तर त्यालाही मी आधी कलम ऐकवते आणि मग पाणी देते.

आता सगळं मिटलंय, छातीवरचं ओझं उतरलंय, म्हणून सांगते.

रेवदंड्याहून काशीदकडे जाताना आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. समुद्र बघायला आलेली माणसं पुढे निघून जातात, ती आमच्याकडे वळत नाहीत. आमचं भाताचं शेत डोंगराला लागून आहे. शेताच्या वर, चढावर, करवंदीच्या जाळीत वीसपंचवीस जुन्या कबरी आहेत. त्या ज्यू लोकांच्या. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. बोलणं आपल्यासारखंच मराठी, बायका लुगडी नेसत. मग ती घरं हळूहळू मुंबईला गेली, काही पार इस्रायलला गेली, आणि मागे राहिल्या त्या कबरी. मी हे आज सांगतेय खरं, पण मी लग्न करून आले तेव्हा त्यांतलं एकही घर गावात उरलं नव्हतं. सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की वरच्या जाळीत जायचं नाही. का, ते विचारायची सोय नव्हती.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या पावसात ओहोळ असा फुगला की डोंगरावरचं जे असेल ते घेऊन खाली आला. झाडं आली, मेलेली वासरं आली, कुणाचं तरी जातं आलं. आमचा बांध फुटला. पाणी उतरल्यावर मी आणि आमचा म्हातारा, तेव्हा अर्थात तो म्हातारा नव्हता, बांध घालायला गेलो, तर गाळात एक दगड आडवा पडलेला. लांबट, वरून गोल, एका बाजूचा कोपरा उडालेला. मी तो चिखलातून हातांनी मोकळा केला. त्याच्या अंगावर काहीतरी कोरलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं. मला वाटलं देवाचंच काही असेल.

आम्ही दोघांनी तो बांधावर उभा केला, बुडाशी दगडगोटे ठासले. सासूबाई आल्या, दगडाभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या, "जागेवाला आला आपल्याकडं." जागेवाला म्हणजे शेताची राखण करणारा देव. आमच्याकडे प्रत्येकाच्या शेताला असतो. त्यांनी घरून तेल-शेंदूर आणला, नारळ फोडला. आणि दरवर्षी फुटणारा आमचा बांध त्या वर्षानंतर फुटला नाही. मग काय, विश्वास बसायला वेळ लागतो का? दर आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेल-शेंदूर आणि नारळ, भात घरात आलं की कोंबडा. सासूबाई गेल्या तसं ते काम माझ्याकडे आलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक वर्ष चुकवलं नाही. शेंदराचे थर चढत चढत दगड नुसता लाल गोळा दिसायला लागला.

मधल्या काळात मी वाचायला शिकले. पोरांची पुस्तकं घेऊन, त्यांच्याच पाटीवर, कुणी शिकवलं नाही. तेव्हा ती अक्षरं शेंदराखाली कधीच गेली होती.

तर मागच्या वर्षी आखाती होऊन चार दिवस झाले होते, शेंदूर ताजा होता. ठाणे शहरातून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पांढरे केस, काठीने चालणाऱ्या. त्यांच्या आईने मरताना सांगितलं होतं, की आजोबांची कबर चिंचेपासून तिसरी, एकदा जाऊन ये. त्या जाळीत शिरून शोधत होत्या. चिंचेपासून तिसऱ्या जागी नुसता खड्डा. ओहोळाच्या कडेने शोधत त्या खाली उतरल्या आणि आमच्या बांधाशी आल्या. दगडाचा आकार त्यांनी ओळखला. वरच्या बाकीच्या दगडांसारखाच, वरून गोल. त्यांनी नखाने शेंदूर खरवडला, तर खाली अक्षराचा काना दिसला. बाजूला नारळाच्या करवंट्या, कोंबड्याची जुनी पिसं. तुम्हीच सांगा, आपल्या आजोबांच्या डोक्यावरचा दगड असा दिसला तर तुमचं काय होईल? त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या आणि अर्ज दिला. कबरीचा दगड उखडून नेला, त्याची विटंबना केली, संबंधितांवर कारवाई व्हावी.

आम्हाला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलीस पाटील दारात आला तेव्हा. आमच्याच भावकीतला आहे, मला काकू म्हणतो. नेहमी आला की आधी चहा मागतो. त्या दिवशी मागितला नाही.

"काकू, तुमच्या जागेवाल्यावर अर्ज झालाय."

"जागेवाल्यावर?"

"म्हंजे तुमच्यावरच. तो जागेवाला न्हाय, कबरीचा दगड हाय म्हणतात. तीनशे एक लागंल. वर्षाची कैद हाय त्याला. धर्माचा अपमान केला म्हणून दोनशे अठ्ठ्याण्णव लावलं तर दोन वर्षं."

आमचा म्हातारा विळ्याला धार लावत होता, तो तसाच थांबला. "पंचेचाळीस वर्षं नारळ दिला तो काय गुन्हा केला?"

"ते मला नको सांगू काका, फौजदार मॅडमला सांग. चार दिवसांनी पंचनाम्याला येनार हायत."

ते चार दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मी पोलीस पाटलाला ते कलम कागदावर लिहून द्यायला लावलं आणि शब्द शब्द लावून वाचलं. त्यात एक वाक्य होतं, त्यावरच माझं बोट अडायचं. कुणाच्या भावना दुखवायच्या हेतूने केलं असेल, किंवा दुखावतील हे माहीत असून केलं असेल, तर गुन्हा. हेतू तर नव्हताच. पण माहीत? अक्षरं तर मी बघितली होती. माझ्या या हातांनी त्यावरचा चिखल पुसला होता.

मी म्हाताऱ्याला तसं बोलले. तो चिडला.

"अक्षरा बिक्षरा काय दिसली न्हाय म्हन. कोन बघायला होता तिथं?"

"तुम्ही होता की."

"मी काय साक्ष द्यायला चाललोय तुझ्या विरुद्ध? गप ऱ्हायचं गो. दगड गाळात गावला, उभा केला, संपलं."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. घाबरलेलं माणूस तसंच बोलतं. पण मला ते पटेना. खोटं एकदा सांगितलं की त्याला आधार द्यायला दुसरं लागतं, आणि माझी तोंडाची सवय तुम्हाला एव्हाना कळली असेल, मी तिसऱ्या वाक्याला सगळं ओकले असते.

पाचव्या दिवशी सकाळी फौजदार मॅडम आल्या. तरुण, माझ्या नातीच्या वयाच्या. बरोबर एक शिपाई, पोलीस पाटील, पंच म्हणून गावातले दोघे, आणि अर्ज देणाऱ्या त्या बाई. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. बांधावर दगडाच्या पलीकडे काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. मी नमस्कार केला, तो त्यांनी घेतला नाही.

मॅडमनी मला बसायला सांगितलं. "आजी, अजून गुन्हा दाखल नाही. अर्जाची चौकशी चाललीय. तुम्ही जे बोलाल ते मी लिहिणार, म्हणून नीट आठवून बोला. हा दगड तुमच्याकडे कसा आला?"

मी पुराचं सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"त्यावर अक्षरं होती का?"

म्हातारा खोकला. त्याचा खोकला मी पंचेचाळीस वर्षं ऐकतेय, खरा कुठला आणि खोटा कुठला ते मला कळतं.

"होती," मी म्हटलं.

मॅडमचं पेन थांबलं. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"काय लिहिलं होतं?"

"ते ठाऊक नाही. मला वाचता येत नव्हतं तेव्हा."

"आता येतं?"

"आता येतं. पोरांबरोबर शिकले."

"मग तेव्हा शंका आली नाही, की हा वरच्या कबरींतला असेल?"

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण बाई बघत होत्या. "आली होती," मी म्हटलं. "एकदा. धाकट्याचं पुस्तक वाचता वाचता आठवलं, की आपल्या दगडावर असंच काहीतरी होतं. खरवडून बघावं असं मनात आलं. पण हिंमत झाली नाही. देव असेल तर कोपेल असं वाटलं. आणि देव नसेल तर मग कुणाचं तरी माणूस असेल, त्याचं काय करायचं ते मला कळेना. म्हणून दर वर्षी तेल-शेंदूर लावत राहिले. आणि नारळ द्यायचा तो देत राहिले."

म्हाताऱ्याने डोक्यावरचा टॉवेल काढून तोंडावर धरला. पोलीस पाटील पुढे झाला. म्हणाला, "मॅडम, काकूंना तेव्हा खरंच वाचता येत नव्हतं. आमच्या घरच्या वाटणीपत्रावर त्या सालचा त्यांचा अंगठा हाय. आणू का?" मॅडम म्हणाल्या, आणा. तो अंगठा मला जन्मभर लाजवत आला होता, त्या दिवशी मात्र तो कागद पिशवीतून बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे माहेरच्या माणसासारखं बघितलं.

मग मॅडम म्हणाल्या, की दगड कबरीचाच आहे का हे आधी पक्कं करायला हवं, शेंदूर काढावा लागेल. शिपाई छिन्नी घेऊन पुढे आला. मी उठलेच.

"छिन्नी लावू नका. दगड फुटेल."

"मग कसा काढायचा आजी? विटेसारखा घट्ट झालाय."

"तेलाने," मी म्हटलं.

आणि अगदी त्याच वेळी पलीकडून त्या बाईही म्हणाल्या, "तेलाने निघेल. कोमट करून." आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या थोड्या ओशाळल्या. म्हणाल्या, "तेल्यांच्या घरातली आहे मी. एवढं तरी कळायला हवं."

घरातून तिळाचं तेल कोमट करून आणलं. मी फडकं भिजवून दगडावर चेपून धरलं, थोड्या वेळाने बांबूची कांब कडेने सारली. शेंदराचा थर हलला. पुन्हा तेल, पुन्हा कांब. ऊन चढत होतं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बाई, काठी आडवी टाकून त्या सरळ मातीत बसल्या होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत लाल.

"कोंबडाही देत होता ना तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"देत होतो." माझी मान खाली.

"खात कोण होतं?"

"आम्हीच की. देवाला दाखवायचा आणि घरी आणून शिजवायचा."

त्या हसल्या. आवाज न करता, पण खांदे हलताना मला दिसले. "माझ्या आईने सांगितलंय, आजोबांना खायला-खिलवायला फार आवडायचं. पंचेचाळीस वर्षं त्यांच्या नावाने तुम्ही जेवलात म्हणायचं." मग म्हणाल्या, "नारळाचं मला काही वाटत नाही. आमच्यातही मलिदा करतात, पोहे, खोबरं, गूळ. पिसं बघून मात्र माझं डोकं फिरलं."

"माझंही फिरलं असतं," मी म्हटलं.

मोठा तुकडा सुटला तो एकदम, पोळीसारखा अख्खा. आणि खाली अक्षरं. अशी स्वच्छ, जणू काल कोरलीत. वरच्या ओळी त्यांच्या धर्माच्या लिपीत, खालच्या मराठीत. मॅडम वाकल्या, पंच वाकले. बाईंना चष्मा सापडेना, डोळ्यांना धार लागलेली.

"तुम्ही वाचा," त्या मला म्हणाल्या.

मी वाचलं. नाव इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण पुढे होतं, तेलाचे व्यापारी, वय एकसष्ट, बायको, मुलं, सुना यांना दुःखात सोडून देवाघरी गेले. जोडाक्षरांना मी अजून अडखळते, तशी तेव्हाही अडखळले, आणि कुणी हसलं नाही. माझ्या हातून गाळातून निघालेला तो माणूस मला इतक्या वर्षांनी भेटत होता.

नंतर बाई मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. मी पहिल्यांदाच त्या जाळीत गेले. तिथले बाकीचे दगड बघितले तर खाऱ्या वाऱ्याने सगळे खाल्लेले. कुठे एखादी रेघ, कुठे अर्धा आकडा, नाव एकाचंही लागत नव्हतं. बाईंनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "यांच्यातलं कोण कोणाचं, ते आता कुणालाच कळायचं नाही. माझ्या आजोबांचं तेवढं कळलं." शेंदराच्या थराखाली त्या अक्षरांना वारा लागलाच नव्हता. पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं.

खाली आल्यावर त्यांनी मॅडमच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून दुसरा अर्ज लिहिला. दगड पुरात वाहून गेला होता, या कुटुंबाने अजाणता सांभाळला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, दगड मूळ जागी बसवून मिळावा. मॅडमनी तो वाचला.

"आजी, हेतू नव्हता हे दिसतंय. शंका येणं म्हणजे माहीत असणं नव्हे. मी तसा अहवाल देते. वरिष्ठांनी बघितलं की अर्ज निकाली निघेल. पण पुन्हा ओहोळातून काही आलं तर आधी पाटलाला सांगायचं. शेंदूर नंतर."

"आता ओहोळाकडे बघणारच नाही मी."

त्याच दुपारी गावातल्या चौघांनी दगड बांबूला बांधून वर नेला. आमचा म्हातारा पुढच्या टोकाला, वय विसरून. गवंड्याने सिमेंटमध्ये बसवला. बाईंनी त्यावर एक खडा ठेवला, त्यांची तशी रीत आहे. मग त्यांनी आमच्याकडे भात आणि आंब्याचं सार जेवून घेतलं. कोंबडी करू का विचारलं तर म्हणाल्या, आज नको, आणि पुन्हा हसल्या.

आठवड्याने पोलीस पाटील दारात आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "काकू, चहा टाक." मी ओळखलं. अर्ज निकाली निघाला होता. मी चुलीवर चहा ठेवला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली. 

तो गेल्यावर मी माळ्याखालची पिशवी ओढली. कुणाला सांगितलं नव्हतं, पण पंचनाम्याच्या आदल्या दिवशी मी ती भरून ठेवली होती. नेलंच तर आयत्या वेळी शोधाशोध नको. दोन लुगडी, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, कंगवा, वाचायला एक पोथी. आता ते सगळं पुन्हा जागेवर लावायला बसले, तर लुगड्यांच्या खाली दुसरंच काही लागलं. म्हाताऱ्याचा धुतलेला सदरा, त्याची बंडी आणि तंबाखूची डबी, नवीन भरलेली.

तो ओटीवर बसला होता. मी डबी त्याच्यासमोर धरली.

"हे काय?"

त्याने डबीकडे बघितलं, मग अंगणात बघितलं. "मी म्हननार होतो मॅडमला. दगड मीच आनला, शेंदूर पन मीच लावला. तू तोंड उघडलंस आधी, मंग काय बोलनार."

"आणि मला खोटं बोलायला सांगत होतात."

"तुला न्यायला नको म्हणून गो."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने डबी घेतली, उघडली, चिमूट मळली, आणि पहिल्यांदाच मी त्याला तंबाखूवरून बोलले नाही.